वाचकांचे प्रश्न: दावीद आणि दाऊद, एकाच माणसाच्या दोन गोष्टी

या महिन्यात जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येत होते, मुस्लिम आणि ज्यू दोघांकडे नबी आहेत, दोघांकडे आसमानातून आलेली किताब आहे, नावंही बरीचशी तीच, मग बिनसतं कुठे? म्हणून यावेळी सगळा कॉलम याच विषयाला दिलाय. मी कॉलेजात इतिहास शिकवायचे, धर्मगुरू नाही, त्यामुळे कोण बरोबर कोण चूक हे सांगणं माझं काम नाही आणि मला ते सांगायचंही नाही. पण दोन्ही घरांतली माणसं आपल्या ग्रंथाकडे कशी बघतात हे नीट समजून घ्यावं असं मला फार मनापासून वाटतं, कारण अर्धवट माहितीवर आपल्याकडे खूप काही बोललं जातं.

प्रश्न: ताई, आमच्या शेजारच्या भाभी मूसा, दाऊद, सुलेमान ही नावं घेतात आणि ज्यू लोकांवरच्या कार्यक्रमात मोझेस, डेव्हिड, सॉलोमन ऐकू येतं. हे सगळे तेच का? तेच असतील तर दोन धर्मांत फरक तो काय उरला? (एक वाचक, मिरज)

हो, तेच. हिब्रूत मोशे तो अरबीत मूसा, अव्राहाम तो इब्राहिम, योसेफ तो युसुफ, योना तो यूनुस, एलियाहू तो इलियास. एवढंच काय, हिब्रूतला नावी आणि अरबीतला नबी हा शब्दसुद्धा मुळात एकच आहे. गडबड आपल्या मराठीत होते, कारण आपल्याकडे यासाठी तीन शब्द फिरत असतात. पैगंबर हा फारसीतून आलाय, पैगाम म्हणजे निरोप, तो आणणारा तो पैगंबर. मराठी बायबलात संदेष्टा म्हणतात. आणि प्रेषित म्हणजे पाठवलेला, हा शब्द आपण पैगंबरांसाठी वापरतो पण मराठी ख्रिस्ती मंडळी तोच शब्द येशूच्या बारा शिष्यांसाठी वापरतात, त्यामुळे एकाच टेबलावर तिघं बसले तर तिघांच्या डोक्यात तीन वेगळी माणसं असू शकतात. म्हणून मी इथे सरळ नबी म्हणणारे.

आता फरक. इस्लाममधली कल्पना अशी की अल्लाहने प्रत्येक समाजात कोणी ना कोणी पाठवला आणि सगळ्यांनी मूळ गोष्ट एकच सांगितली, ईश्वर एक आहे, त्याचीच भक्ती करा. पहिले आदम, शेवटचे महंमद पैगंबर. कुरआनात नावानिशी पंचवीस नबी येतात आणि परंपरेत एकूण आकडा 1,24,000 सांगतात. त्यातही जो नवीन शरियत म्हणजे धर्माचा कायदा किंवा किताब घेऊन येतो तो रसूल, म्हणजे प्रत्येक रसूल नबी असतो पण प्रत्येक नबी रसूल नसतो, साधारण अशी विभागणी करतात.

ज्यूंच्या तालमूदमधला, म्हणजे त्यांच्या रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) चर्चांच्या मोठ्या ग्रंथातला, आकडा आहे 48 पुरुष आणि 7 स्त्रिया. त्या सात जणी म्हणजे सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगैल, हुल्दा आणि एस्तेर. तालमूद तिथेच असंही म्हणतं की खरं तर नबी कितीतरी जास्त होऊन गेले, मिसरमधून म्हणजे इजिप्तमधून मोशेबरोबर जेवढे लोक बाहेर पडले त्याच्या दुप्पट, पण ज्यांचं बोलणं पुढच्या पिढ्यांना लागणार होतं तेवढ्यांचंच लिहून ठेवलं. हे मला नेहमी विचार करण्यासारखं वाटतं, दोन्हीकडे आकडा लाखांत आणि यादी मात्र छोटीशी. स्त्रियांचं म्हणाल तर बहुसंख्य मुस्लिम विद्वान नबी पुरुषच होते असं मानतात, पण कोर्दोबाचे इब्न हज्म, अकराव्या शतकातले, त्यांनी मर्यम म्हणजे येशूची आई आणि मूसांची आई यांना नबी मानलेलं आहे, म्हणजे हा प्रश्न तिथेही कोणी काढलाच नाही असं नाही.

आणि याद्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत बसत नाहीत. यशया, यिर्मया यांचे ज्यू ग्रंथात मोठेच्या मोठे भाग आहेत, कुरआनात त्यांची नावं नाहीत. हूद आणि सालेह हे कुरआनातले अरब नबी ज्यू ग्रंथात नाहीत. आदम, नूह, लूत हे मुस्लिमांचे नबी, पण त्या 48 च्या रूढ मोजणीत ज्यू त्यांना धरत नाहीत, नूह म्हणजे नोहा त्यांच्याकडे सज्जन माणूस, आणि त्यातही त्यांचे भाष्यकार वाद घालतात की तो खरंच सज्जन होता की त्या वाईट जमान्याच्या मानाने सज्जन होता. येशूला म्हणजे ईसांना मुस्लिम थोर नबी मानतात, मसीहा म्हणतात, ज्यू दोन्ही मानत नाहीत.

दार मात्र दोघांनीही बंद केलंय, फक्त वेगवेगळ्या वेळी. ज्यूंच्या मते हग्गय, जखऱ्या, मलाखी हे शेवटचे, त्यानंतर नबी येणं थांबलं. मुस्लिमांच्या मते ते थांबलं महंमद पैगंबरांवर, म्हणजे मलाखीनंतर हजार वर्षांहून जास्त काळाने. तुमच्या प्रश्नाचं अगदी थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते या हजार वर्षांत आहे.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर वाद झाला. एकजण म्हणाला बायबलात दाऊदने दुसऱ्याची बायको पळवली असं लिहिलंय, माझा मुस्लिम मित्र फार दुखावला, म्हणाला नबी असं करूच शकत नाही. खरं काय लिहिलंय? (एक वाचक, ठाणे)

तुमचा मित्र का दुखावला ते मला पूर्ण कळतं, आणि या एका गोष्टीत दोन्ही धर्मांचा फरक इतका स्पष्ट दिसतो की मी जरा सविस्तर लिहिते.

आधी ज्यू ग्रंथातलं, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. राजा दावीद संध्याकाळी गच्चीवर फिरत असताना त्याला एक बाई आंघोळ करताना दिसते, बथशेबा. तिचा नवरा उरीया लढाईवर गेलेला असतो. दावीद तिला बोलावून घेतो, तिला दिवस जातात, मग प्रकरण झाकायला तो उरीयाला घरी बोलावतो पण तो सरळमार्गी माणूस घरी जातच नाही, माझे सोबती मैदानात तंबूत आहेत आणि मी घरी जाऊन आरामात झोपू का म्हणतो, आणि शेवटी दावीद त्याच्याच हाती सेनापतीला चिठ्ठी पाठवतो की याला जिथे लढाई जोरात आहे तिथे पुढे ठेवा आणि मागे हटा. उरीया मरतो. दावीद बथशेबाशी लग्न करतो.

मग येतो नाथान नबी. तो राजाला थेट काही बोलत नाही, एक गाऱ्हाणं सांगतो. एका गावात दोन माणसं, एकाकडे शेळ्यामेंढ्यांचे कळप, दुसऱ्या गरिबाकडे एकच मेंढीचं कोकरू, ते त्याच्या ताटातलं खायचं, त्याच्या पेल्यातलं प्यायचं, त्याच्या मांडीवर झोपायचं, त्याला ते लेकीसारखं होतं. श्रीमंताकडे पाहुणा आला तर त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाचं ते कोकरू उचललं आणि कापलं. दावीद भडकतो, म्हणतो तो माणूस मरायच्या लायकीचा आहे, त्याने चौपट भरून द्यायला पाहिजे. आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. हिब्रूत फक्त दोन शब्द आहेत, अत्ता हाईश. राजा सिंहासनावर आहे, त्याच्या हातात फौज आहे, आत्ताच त्याने एका निरपराध माणसाला मारून टाकलेलं आहे, आणि समोर उभा राहून हा एकटा माणूस त्याला हे म्हणतो. दावीद मान खाली घालतो, मी पाप केलं म्हणतो.

आता कुरआन, त्यातली सूरह म्हणजे अध्याय, साद नावाचा. दाऊद आपल्या इबादतीच्या खोलीत आहेत, दोघेजण भिंत चढून आत येतात, ते दचकतात. ते म्हणतात घाबरू नका, आमचा तंटा आहे, न्याय करा. एकजण सांगतो, हा माझा भाऊ, याच्याकडे 99 मेंढ्या आहेत, माझ्याकडे एक, आणि हा म्हणतो तीही मला दे, आणि बोलण्यात मला हरवतो. दाऊद लगेच म्हणतात याने तुझ्यावर अन्याय केला. आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात येतं की ही आपली परीक्षा होती, ते माफी मागतात, झुकून पडतात, अल्लाह माफ करतो आणि सांगतो, दाऊद, आम्ही तुला जमिनीवर खलिफा केलंय, लोकांमध्ये सत्याने न्याय कर. दाऊद झुकून पडतात त्या आयतीपाशी आल्यावर बरेच मुस्लिम वाचक आजही सजदा करतात.

बघा, मेंढी दोन्हीकडे आहे, गरीब-श्रीमंत आहे, राजाने केलेला निवाडा आहे, पश्चात्ताप आहे. पण कुरआनात बथशेबा नाही, उरीया नाही आणि नाथानसुद्धा नाही. मग दाऊदांची चूक कुठली? बऱ्याच भाष्यकारांनी म्हटलंय की त्यांनी एकाच बाजूचं ऐकून निकाल दिला, ती चूक. सुरुवातीच्या काही मुस्लिम भाष्यांत उरीयाची गोष्टही ज्यू परंपरेतून येऊन शिरली होती, पण नंतर इब्न कसीर, म्हणजे चौदाव्या शतकातले, अशांनी ती इस्राईलियात म्हणून बाजूला काढली, बाहेरून आलेली आणि विश्वास न ठेवण्यासारखी.

यामागे एक तत्त्व आहे त्याला म्हणतात इस्मत, म्हणजे नबी मोठ्या पापापासून जपलेला असतो. कारण साधं आहे, अल्लाह ज्याच्या तोंडून स्वतःचा निरोप पाठवणार आणि ज्याच्यासारखं वागा म्हणून सांगणार तोच असा असेल तर निरोपावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून लोकांनी देव म्हणून पुजलेल्या सोन्याच्या वासराच्या गोष्टीतही, ज्यू ग्रंथात ते वासरू मोशेचा भाऊ अहरोन ओततो, कुरआनात ते सामिरी नावाचा माणूस करतो आणि हारून अडवायला बघतात. शलमोन म्हातारपणी बायकांच्या नादाने दुसऱ्या देवांमागे गेला असं ज्यू ग्रंथ म्हणतो, कुरआन स्पष्ट म्हणतो सुलेमानने कुफ्र केलं नाही, म्हणजे अल्लाहला नाकारलं नाही. पण याचा अर्थ कुरआनातले नबी कधी चुकतच नाहीत असा नाही हं, यूनुस रागावून निघून जातात, माशाच्या पोटात अंधारात म्हणतात मीच जुलूम करणाऱ्यांपैकी होतो, आणि ती दुआ आजही संकटात सापडलेला मुस्लिम माणूस म्हणतो.

मग ज्यूंना दावीदबद्दल काही वाटत नाही का? वाटतं ना. तालमूदमध्ये एक रब्बी म्हणतात, दावीदने पाप केलं असं जो म्हणतो तो चुकतोय, कारण त्या काळी लढाईवर जाणारा प्रत्येक जण बायकोला आधीच सोडचिठ्ठी लिहून देत असे. म्हणजे आपल्या आवडत्या राजाला वाचवायची धडपड तिथेही आहेच. पण पान फाडलं नाही. गोष्ट ग्रंथात तशीच ठेवली आणि वाद समासात घातला. आणि ज्यूंच्या डोळ्यासमोर दावीद आधी राजा असतो, या गोष्टीतला नबी आहे नाथान. तिथे नबीचं काम राजाला तोंडावर सुनावणं, आपल्याच लोकांना झोडपणं, कधी कधी देवाशीसुद्धा भांडणं. कुरआनात नबी स्वतः नमुना असतो, वाट दाखवणारा. मला वाटतं तुमच्या ग्रुपवरचे दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, फक्त एकाच्या मनात राजा होता आणि दुसऱ्याच्या मनात नबी. तुमच्या मित्राला हे असं सांगून बघा, आणि ज्याने पळवली हा शब्द वापरला त्यालाही सांगा की ती गोष्ट चघळायला लिहिलेली नाही, त्यात जो गेला तो उरीया होता.

प्रश्न: बकरी ईदची कुर्बानी इस्माईलची की इसहाकची? (एक वाचक, सोलापूर)

इब्राहिम देवाच्या हुकमावरून मुलाचा बळी द्यायला निघतात ती ही गोष्ट. ज्यू तोरामध्ये, म्हणजे त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांत, नाव दिलंय, इसहाक, आणि ती गोष्ट ते नवीन वर्षाच्या सणात सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, वाचतात, मेंढ्याचं शिंग फुंकतात. कुरआनात त्या मुलाचं नाव घेतलेलं नाही. सुरुवातीच्या भाष्यकारांत दोन्ही मतं होती, तबरींसारख्या मोठ्या माणसाने इसहाक म्हटलंय, नंतर इस्माईल हे मत पक्कं झालं आणि आज मुस्लिम जगात तेच चालतं. कुरआनातला एक बारकावा मात्र बघण्यासारखा आहे, तिथे इब्राहिम मुलाला विचारतात, मला असं स्वप्न पडलं, तुझं काय म्हणणं, आणि मुलगा म्हणतो अब्बा, जो हुकूम झालाय तो करा. तोरामध्ये मुलगा फक्त एवढंच विचारतो की विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय.

प्रश्न: तौरात, जबूर, इंजील, कुरआन अशा चार किताबा आहेत असं ऐकलं. ज्यू लोक यातल्या किती मानतात? आणि जुन्या किताबा बदलल्या गेल्या म्हणजे नेमकं काय? (एक वाचक, नांदेड)

ज्यूंना चार किताबा हा हिशोबच माहीत नाही, तो हिशोब इस्लामचा आहे. त्यात तौरात मूसांना, जबूर दाऊदांना, इंजील ईसांना, कुरआन महंमद पैगंबरांना, शिवाय इब्राहिमांचे सहीफे, म्हणजे छोटी लिखाणं. म्हणजे प्रत्येक किताब एकेका रसुलावर उतरलेली, आणि सगळ्यांचा उगम एकच.

ज्यूंचा ग्रंथ म्हणजे तनाख, 24 पुस्तकं, तीन भागांत. तोराची पाच, मग नबींची आठ, मग बाकीचं लिखाण अकरा, त्यात स्तोत्रं आली म्हणजे मुस्लिम ज्याला जबूर म्हणतात त्याच्याशी जुळणारं. या तिघांचा दर्जा सारखा नाही. तोरा सगळ्यात वर, कारण मोशेसारखा नबी पुन्हा झाला नाही असं तोरामध्येच शेवटी लिहिलंय, आणि नंतरच्या कुठल्याही नबीला तोरा बदलायचा अधिकार नाही असं बाराव्या शतकात मैमोनिडीस या मोठ्या ज्यू विद्वानाने तेरा तत्त्वांत मांडून ठेवलंय. अडचण इथेच येते. इस्लाममध्ये नंतरचा रसूल आधीच्याच्या कायद्यात बदल आणू शकतो, ज्यूंच्या मते कोणीच आणू शकत नाही. त्यामुळे महंमद पैगंबरांचा दावा ज्यूंनी तपासण्याआधीच त्यांच्या चौकटीत तो बसत नव्हता.

आता बदललं म्हणजे काय. याला शब्द आहे तहरीफ. कुरआन तौरातबद्दल आदरानेच बोलतो, तिच्यात मार्गदर्शन आणि प्रकाश आहे म्हणतो, आणि स्वतःला आधीच्या किताबांची साक्ष देणारा आणि त्यांच्यावर देखरेख करणारा म्हणवतो. पण काही लोक शब्द जागेवरून हलवतात असाही ठपका ठेवतो. याचा अर्थ काय यावर मुस्लिम विद्वानांचं एकमत नाही, काही म्हणतात अर्थ वाकवला, अक्षरं तीच आहेत, काही म्हणतात अक्षरंच बदलली, मघाशी म्हटलेले इब्न हज्म हे या दुसऱ्या मताचे आणि त्यांनी यावर फार कडक लिहिलंय. फॉरवर्डमध्ये हे दोन्ही एकच करून टाकतात.

ज्यूंना हे का लागतं ते समजायला तोराची गुंडाळी जवळून बघायला पाहिजे. मी कोकणातल्या एका सिनेगॉगमध्ये बघितली आहे, कातड्यावर हाताने लिहिलेली, अक्षरांना स्वर नाहीत, विरामचिन्हं नाहीत, वाचणारा बोट लावत नाही तर चांदीची छोटी काठी असते, टोकाला बोटासारखा आकार, ती ओळीवरून फिरवतो. लिहिणारा लेखनिक समोर दुसरी प्रत ठेवूनच लिहितो, पाठ असलं तरी आठवणीतून लिहायचं नाही. एकूण 3,04,805 अक्षरं, त्यातलं एक जरी गळलं किंवा दुसऱ्याला चिकटलं तरी दुरुस्त होईपर्यंत त्या गुंडाळीतून वाचता येत नाही. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला तुमच्या ग्रंथात फेरफार झालाय म्हटलं तर काय वाटेल.

आणि दुसऱ्या बाजूला हाफिज बघा. आठ-दहा वर्षांचं पोरगं रेहलीसमोर बसून डोलत डोलत 114 सूरह पाठ करतं, उस्ताद एक जेर-जबर, म्हणजे स्वराची खूण, चुकली तरी थांबवतो. कुरआन 23 वर्षांत थोडा थोडा उतरला, 610 पासून 632 पर्यंत, आणि पैगंबरांच्या पाठोपाठ पहिले खलिफा अबू बकर यांच्या काळात जैद बिन साबित यांनी गोळा केला, तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात 650 च्या सुमारास एक प्रत पक्की करून सगळीकडे पाठवली, ही मुस्लिमांची परंपरा. पण कागद नंतरचा, आधी छातीतला कुरआन. मुस्लिमांसाठी तो अल्लाहचे शब्दच आहेत, त्याच अरबीत, म्हणून मराठी भाषांतर वाचलं तर तुम्ही अर्थ वाचला, कुरआन नाही. जीर्ण झालेली प्रत दोघेही रद्दीत टाकत नाहीत, जमिनीत पुरण्याची रीत दोन्हीकडे आहे.

आणखी एक मोठा फरक लोकांना माहीतच नसतो. ज्यूंच्या मते सिनाय पर्वतावर मोशेला लिहिलेल्या तोराबरोबर तोंडी तोराही मिळाली, ती पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आली, इसवी सन 200 च्या सुमारास मिश्ना म्हणून लिहिली गेली आणि मग तिच्यावर तालमूद. मुस्लिमांकडे हदीस आहे, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी, दोघांत सारखेपणा बराच, रोज कसं वागायचं हे दोघांनाही तिथूनच कळतं, पण हदीस कुरआनाच्या जागी बसत नाही. एक उदाहरण देते. कुरआनात म्हटलंय की आम्ही बनी इस्राईलला, म्हणजे ज्यूंच्या पूर्वजांना, लिहून दिलं होतं, ज्याने एका निरपराध जिवाला मारलं त्याने जणू सगळ्या माणसांना मारलं आणि ज्याने एकाला वाचवलं त्याने सगळ्यांना वाचवलं. तोराच्या पाच पुस्तकांत शोधाल तर हे वाक्य सापडणार नाही, ते मिश्नात आहे. आता मुस्लिम म्हणेल मुळात अल्लाहनेच सांगितलेलं होतं ते, ज्यू म्हणेल आमच्या रब्बींनी हाबेलच्या, म्हणजे आदमच्या मुलाच्या, खुनाच्या गोष्टीवरून काढलेला अर्थ आहे तो. वाक्य एकच.

आणि रब्बींचा विषय निघालाच आहे तर ती भट्टीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका मातीच्या भट्टीच्या शुद्ध-अशुद्धतेवरून रब्बी एलिएजर एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे. एलिएजर म्हणतात माझं बरोबर असेल तर हे झाड सरकेल, झाड सरकतं. ओढा उलटा वाहतो. भिंती कलतात. शेवटी आकाशवाणी होते की एलिएजरचंच बरोबर आहे. तर रब्बी यहोशुआ उभे राहून म्हणतात, तोरा आता स्वर्गात नाही, म्हणजे ती आम्हाला देऊन झाली, आता बहुमताने ठरेल. पुढे एका रब्बींना एलियाहू नबी भेटतात, ते विचारतात त्या वेळी देव काय करत होता, एलियाहू सांगतात, हसत होता, म्हणत होता माझ्या लेकरांनी मला हरवलं. मुस्लिम परंपरेतही कायद्याचा अर्थ विद्वानच लावतात, उलमा हे नबींचे वारस असं हदीसमध्ये आहे, पण अल्लाह हरला आणि हसला ही कल्पना तिथे कोणालाच रुचणार नाही. आणि ज्यू माणसाला या गोष्टीत देवाचा अपमान दिसत नाही, बापाचं कौतुक दिसतं.

प्रश्न: कुठल्या ज्यू विद्वानाने कधी महंमद पैगंबरांना नबी मानलंय का? (एक वाचक, पुणे)

धर्म न बदलता, अरबांसाठी पाठवलेला नबी म्हणून, हो. येमेनमधले नतनेल अल-फय्यूमी, 1165 च्या सुमाराचं त्यांचं पुस्तक आहे, त्यांचं म्हणणं असं की देव प्रत्येक लोकांकडे त्यांच्या भाषेत नबी पाठवतो, अरबांकडे महंमद पाठवले, आमच्यासाठी तोरा आहे. हे एकट्याचं मत राहिलं, मुख्य प्रवाह तिकडे गेला नाही. मैमोनिडीस, त्याच शतकातले, त्यांनी पैगंबरांना नबी मानायला साफ नकार दिला आणि कडक शब्दांत दिला, पण त्याच मैमोनिडीसनी असा निर्वाळाही दिला की मुस्लिम खऱ्या एकाच देवाची भक्ती करतात, ती मूर्तिपूजा नाही. आणि त्यांची बरीचशी पुस्तकं अरबीतच लिहिलेली आहेत.

प्रश्न: आमच्या शेजारच्या बेने इस्राईल आजींनी मलिद्याला बोलावलंय, एलियाहू हनाबीच्या नावाने असतो म्हणाल्या. हे कोण? मुस्लिम त्यांना मानतात का? आणि जाताना काय न्यावं? (एक वाचक, रेवदंडा)

किती बरं वाटलं हा प्रश्न वाचून. हनाबी म्हणजे हा-नावी, तो नबी. भट्टीच्या गोष्टीत शेवटी येऊन हसणाऱ्या देवाची बातमी देणारे एलियाहू ते हेच. ज्यू ग्रंथाप्रमाणे ते मेले नाहीत, अग्नीचा रथ आला आणि ते वावटळीतून वर गेले, आणि नबींच्या अगदी शेवटच्या ओळींत सांगितलंय की ते परत येतील, बापांची मनं लेकरांकडे आणि लेकरांची बापांकडे वळवायला. म्हणून नबींचं दार बंद झालं तरी हे एक नबी अजून ये-जा करतात असं ज्यू मानतात, मुलाच्या सुंतेच्या वेळी त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची असते.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राईल ज्यूंचा, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गाव शनवार तेली म्हणायचं त्यांचा, एलियाहूंवर जीव. त्यांचा रथ अलिबागजवळ सागावच्या खडकावर टेकला आणि खुणा राहिल्या असं ते सांगतात, नवस बोलतात, फेडतात. हे लोक पूर्वी सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, मुंबईतलं त्यांचं पहिलं 1796 चं, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

कुरआनात ते इलियास, नबींच्या यादीत, बआल नावाच्या देवाला का पुजता म्हणून आपल्या लोकांना विचारणारे. वर गेल्याचं किंवा परत येण्याचं कुरआन सांगत नाही. पण लोकांच्या श्रद्धेत इलियास आणि ख्वाजा खिज्र यांची जोडी असते, दोघे अजून हयात, अडलेल्याला भेटतात, आणि तुर्कस्तानात मे महिन्याच्या सुरुवातीला दोघांच्या नावाचा मिळून सण होतो.

आता मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा, थाळीत ढीग करून भोवती फळं. आधी हिब्रूत प्रार्थना, गाणं, मग प्रत्येक फळावर आशीर्वाद म्हणून वाटतात, तोवर खायचं नाही एवढं लक्षात ठेवा. मुस्लिम घरांत फातेहाला किंवा दर्ग्यावर जो मलिदा असतो तो वेगळा, चपात्या कुस्करून गूळ-तूप घातलेला, तेव्हा दोन्ही खाल्ले असतील तर चकित होऊ नका. नेताना फळं न्या, घरात शिजवलेलं नको कारण त्यांचे खाण्याचे नियम असतात. नवसाचा असेल तर कशाचा नवस ते आजींनाच विचारा, त्या आवडीने सांगतील, आणि गाणं कुठलं म्हणतात ते मला नक्की लिहून पाठवा.